सांगणं त्याचं, पुढचं काम आपलं

नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीतल्या एका नावाजलेल्या शाळेत दहावीत शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या मराठी मुलाने आपलं आयुष्य संपवलं. काही शिक्षकांकडून सतत होणाऱ्या अपमानाला तो कंटाळला होता, असा आरोप झाला. शाळेने चौघांना निलंबित केलं, दिल्ली सरकारने चौकशी समिती नेमली, पालक आणि विद्यार्थी शाळेच्या फाटकाबाहेर जमले. दोष कोणाचा हे तपासातून ठरायचं. पण वडिलांनी तेव्हा वार्ताहरांना जे सांगितलं, ते प्रत्येक पालकाने ऐकण्यासारखं आहे. मुलगा घरी सांगत होता आणि घरच्यांनी शाळेकडे तक्रारही केली होती. परीक्षा जवळ आली होती, म्हणून ती संपली की शाळा बदलायची असं ठरलं होतं.

त्या आईवडिलांचं चुकलं असं म्हणायला जीभ धजत नाही. त्यांच्या जागी असलेल्या बहुतेकांनी हेच ठरवलं असतं. सीबीएसईच्या दहावीत बहुतेक विषयांना शंभरातले वीस गुण शाळेच्या हातात असतात. बोर्डाच्या वर्षात शाळेशी वाकडं घ्यायचं म्हणजे मुलाचं वर्ष पणाला लावायचं, ही भीती खोटी नाही.

त्याआधी, फेब्रुवारी 2022 मध्ये, फरिदाबादमध्ये असंच घडलं. तोही मुलगा दहावीतच होता. त्याच्या वागण्याबोलण्यावरून आणि लैंगिक ओळखीवरून शाळासोबती त्याला छळत होते, असं त्याच्या आईचं म्हणणं होतं. ही आई त्याच शाळेत शिक्षिका होती. रोज त्याच इमारतीत जाणाऱ्या, तिथली माणसं नावानिशी ओळखणाऱ्या आईलाही आपल्या मुलाचं गाऱ्हाणं शाळेच्या गळी उतरवता आलं नाही.

'मुलांशी बोला, मुलांना बोलतं करा' हा सल्ला आपण सगळीकडे वाचतो आणि तो बरोबरच आहे. पण मूल बोललं, की पुढे काय? मूल सगळा धीर गोळा करून एकदा सांगतं, आणि आपण सल्ल्यांची मोळी बांधून तेच ओझं पुन्हा त्याच्या पाठीवर ठेवतो. 'दुर्लक्ष कर.' 'तूही दे ना एक ठेवून.' 'सरांना सांग.' 'त्यांच्यात बसूच नकोस.' यातलं प्रत्येक वाक्य मुलाला नवं काम लावतं, आणि ते काम त्याला जमण्यासारखं असतं तर ते आपल्यापर्यंत आलंच नसतं.

नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी सत्तरच्या दशकापासून शाळेतल्या छळाचा अभ्यास केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरतात: त्रास देणाऱ्याचा हेतू दुखावण्याचा असतो, तो प्रकार पुन्हा पुन्हा घडतो, आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो. यातली तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची आहे. दोन बरोबरीची मुलं भांडली तर ती आपसात मिटवतील, आणि मिटवू द्यावं. पण एकीकडे पाच जण आणि दुसरीकडे एकटा असेल, एकीकडे नववीतल्या मुली आणि दुसरीकडे सहावीतली असेल, किंवा समोर साक्षात वर्गशिक्षिकाच असेल, तर तिथे 'दोघांनी समजुतीने घ्या' म्हणणं हा अन्याय आहे. ताकद फक्त दंडात नसते. कुणाला इंग्रजी फाडफाड येतं, कुणाचे बाबा मोठे अधिकारी असतात, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप कुणाच्या हातात असतो. दिल्लीत बदलून आलेल्या आपल्या मुलांच्या हिंदीत लिंगाची गफलत होते, 'मेरेको' निघतं, आणि पुढचे सहा महिने तेच त्यांचं नाव होऊन बसतं.

इथल्या वस्तीची रचनाही मुलाला विसावा देत नाही. नोएडा, इंदिरापुरम, गुरुग्राम, द्वारका इथे एकेका सोसायटीत शेकडो घरं असतात. वर्गात जी मुलं, तीच बसमध्ये, तीच संध्याकाळी सोसायटीच्या पार्कात आणि रात्री फोनवर. नोव्हेंबरात हवा बिघडली की शाळा बंद होऊन वर्ग ऑनलाइन भरतात आणि टिंगल चॅटच्या चौकटीत सुरू होते. घरी आल्यावर तरी सुटका, असं आपल्या पिढीला म्हणता यायचं. या मुलांना ते म्हणता येत नाही.

मूल तोंडाने सांगण्याआधी शरीराने सांगतं. रविवारी संध्याकाळी पोट दुखायला लागतं आणि सोमवारी शाळा बुडाली की दहा वाजेपर्यंत थांबतं. ते नाटक नसतं, भीतीने खरंच पोट दुखतं. डबा भरलेला परत येतो, पाण्याची बाटली महिन्यात दुसऱ्यांदा हरवते. शाळेतून आल्याआल्या मूल दप्तर फेकून बाथरूमकडे धावत असेल, तर दिवसभर शाळेच्या स्वच्छतागृहात जायचं का टाळलं, हे शांतपणे विचारा. शिक्षकांची नजर पोचत नाही अशी ती जागा असते, आणि मुलांना हे पक्कं ठाऊक असतं.

मुलाने तोंड उघडलं, की पहिली पंधरा-वीस मिनिटं फार नाजूक असतात. 'मग तू काय केलंस?' हा आपला पहिला प्रश्न असतो, आणि मुलाला तो 'तू काहीच कसं केलं नाहीस?' असा ऐकू येतो. 'आणखी काय झालं?' हा त्याहून बरा. मधे बोलू नका, लगेच फोन उचलू नका, त्याच्यासमोर रडू किंवा भडकू नका. आईबाबा कोसळताना दिसले की मूल पुढचं गिळून टाकतं, कारण आता त्याला तुमची काळजी लागते. सांगून झालं की दोन वाक्यं पुरतात: 'तू सांगितलंस ते फार बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही आणि आता हे आम्ही बघतो.' पण ते पाळता आलं पाहिजे. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन तेवढं देऊ नका. 'तुला सांगितल्याशिवाय काही करणार नाही' असं वचन द्या, ते देणंही सोपं आणि पाळणंही.

त्याच रात्री एक वही काढावी. मूल झोपल्यावर त्याने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावं: तारीख, जागा, कोण होतं, कोणी पाहिलं, कोणाला सांगितलं. फाटलेला शर्ट धुण्याआधी फोटो काढावा. फोनवरचे मेसेज रागाने पुसून टाकू नयेत. नाव, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. मुलांची अश्लील छायाचित्रं फिरत असतील तर ती पुरावा म्हणूनही कोणाला पुढे पाठवू नयेत, कारण तसं पुढे पाठवणंच गुन्हा ठरू शकतं. थेट पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर जावं. एरवी संभाषणाच्या स्क्रीनशॉटचं मोल मोठं असतं: मे 2020 मध्ये दक्षिण दिल्लीतल्या शाळकरी मुलांचा 'बॉइज लॉकर रूम' हा इन्स्टाग्रामवरचा ग्रुप उघडकीस आला, तो त्यातल्या संभाषणाचे स्क्रीनशॉट बाहेर आल्यामुळेच.

आता शाळा. बहुतेक पालक शाळेत जाऊन बोलून येतात. क्लास टीचर 'आय विल लुक इनटू इट' म्हणते, आपण चहा पिऊन परततो आणि पंधरा दिवसांनी त्या भेटीचा मागमूस राहत नाही. भेटा जरूर, पण आधी लिहा. भेटीनंतर काय ठरलं तेही लिहून पाठवा. पत्रात राग नको, तपशील हवा. 'तुमच्या शाळेत गुंडगिरी बोकाळली आहे' या वाक्याला शाळा उत्तर देऊ शकते. पुढच्यासारख्या मजकुराला उत्तर देणं तिला जड जातं:

'माझी मुलगी सातवी ब मध्ये आहे. 4 ऑगस्टला घरी येताना बसमध्ये नववीतल्या दोन मुलींनी तिची बॅग मागे फेकली आणि तिचा स्टॉप येईपर्यंत तिला बसू दिलं नाही. 6 आणि 7 तारखेला पुन्हा तेच झालं. 7 तारखेला तिने बसमधल्या दीदींना सांगितलं. आता ती सकाळी बसमध्ये चढायला घाबरते. सोमवारपासून तिला दीदींच्या शेजारची जागा द्यावी. बसमध्ये कॅमेरा असेल तर या तीन दिवसांचं चित्रण जपून ठेवावं. हे प्रकरण शाळेच्या अँटी-बुलिइंग समितीपुढे ठेवावं आणि काय कार्यवाही झाली ते पुढच्या शुक्रवारपर्यंत लेखी कळवावं.'

या पत्रात कोणाला शिक्षा करा असं म्हटलेलं नाही. उद्यापासून मुलीच्या दिवसात काय बदलेल, एवढंच मागितलं आहे. जागा बदला, मधल्या सुट्टीत त्या जिन्यापाशी शिक्षक उभे करा, दोघांचे गट वेगळे करा, ही मागणी शाळेला नाकारता येत नाही आणि ती पूर्ण झाली की नाही हे मुलगी दुसऱ्या दिवशी सांगू शकते. चित्रणाची मागणी पहिल्याच पत्रात करावी. कॅमेऱ्याची साठवण भरली की जुनं आपोआप पुसलं जातं.

समितीचं नाव पत्रात मुद्दाम घातलं आहे. सीबीएसईने मार्च 2015 मध्ये परिपत्रक काढून आपल्या शाळांना अशी समिती नेमायला सांगितलं. तिच्यात उपमुख्याध्यापक, ज्येष्ठ शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, पालकांचा आणि व्यवस्थापनाचा प्रतिनिधी यांच्याबरोबर विद्यार्थीही असावेत, अशी कल्पना आहे. कित्येक शाळांत ती फक्त संकेतस्थळावर नांदते. आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे हे एकदा विचारून बघा, त्या प्रश्नानेच हालचाल सुरू होते. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं म्हटलं आहे.

करोल बागेत सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करणारी सांगली-साताऱ्याकडची अनेक कुटुंबं आहेत. मुलं इंग्रजी शाळेत जातात, पण शाळेला इंग्रजीत मेल लिहिणं घरी कोणाला जमत नाही, म्हणून गप्प राहणं होतं. हिंदीत लिहिलेला अर्जही अर्जच असतो. दोन प्रती न्याव्यात, एकीवर कार्यालयाची पोच घ्यावी. एकट्याने जाऊ नये. मंडळातलं कोणी जाणतं माणूस बरोबर असलं, की समोरच्याचा सूर बदलतो.

दोन गोष्टी टाळाव्यात. त्रास देणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना सोसायटीच्या पार्कात गाठू नका. तिथे प्रकरण दोन घरांच्या अब्रूचं होतं आणि मूल बाजूला राहतं. दुसरं, शाळा अनेकदा दोन्ही मुलांना केबिनमध्ये बोलावून 'सॉरी म्हण, हात मिळव' करवते. याला नम्रपणे पण ठाम नकार द्या. ताकदीचा फरक असताना समोरासमोर केलेली दिलजमाई दुबळ्या बाजूला आणखी उघडी पाडते, आणि खोलीबाहेर पडल्याबरोबर तिची वसुली होते.

समोरचं मूलही मूलच आहे, हे लिहिताना मला अडखळायला होत नाही. त्यालाही थांबवणारं कोणीतरी हवं आहे. पण ते काम शाळेचं आणि त्याच्या घरचं. ज्याला लागलं आहे त्याच्याकडून आज समजूतदारपणाची अपेक्षा करू नये.

आपण दोनच मुलांकडे बघतो. मात्र वर्गात आणखी चाळीस जण असतात. टोरोंटोतल्या शाळांच्या मैदानांवर संशोधकांनी कॅमेरे आणि मायक्रोफोन लावून अशा प्रसंगांचं चित्रण केलं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की शंभरातल्या 88 प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मधे पडली ती फक्त 19 प्रसंगांत. पण जेव्हा कोणी मधे पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाली यांनी याच धाग्यावर 'किवा' हा कार्यक्रम उभा केला. कोण हसतं, कोण मजा बघत उभं राहतं, कोण पाठीशी जातं, याचा त्यांनी अभ्यास केला, आणि बघणाऱ्यांना हलवलं की छळणाऱ्याचा प्रेक्षक संपतो हे ओळखलं. 2009 पासून तो देशभरच्या शाळांत पसरला. ओल्वेयस यांनी बर्गनच्या शाळांत सुमारे अडीच हजार मुलांवर केलेल्या कामातही असंच दिसलं. सगळी शाळा मिळून कामाला लागली, तेव्हा छळाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास घटलं.

घरच्या पातळीवर यातून एक सोपं काम निघतं: मुलाला एक मैत्र मिळवून देणं. दहा नकोत, एकच पुरे. बसमध्ये शेजारी बसेल, डबा खाताना हाक मारेल अशी एक मुलगी किंवा मुलगा शोधा. त्या घराशी ओळख वाढवा, शनिवारी त्या मुलाला घरी बोलावा, थालीपीठ करा. क्लास टीचरलाही विचारा, की वर्गात आपल्या मुलाशी कोणाचं जमण्यासारखं आहे. चांगल्या शिक्षकाला ते नेमकं ठाऊक असतं. शाळेबाहेर त्याला काही येतं असं एखादं ठिकाणही हवं: तबल्याचा क्लास, कबड्डीचं मैदान, गणेशोत्सवातलं नाटक. तिथे त्याचं चिडवायचं नाव कोणाला माहीत नसतं.

शाळेने दाद दिली नाही तर वर जायचं, आणि एनसीआरमध्ये इथे लोक चुकतात. घर गाझियाबादला, शाळा दिल्लीत, वडिलांचं ऑफिस गुरुग्रामला, मग तक्रार कुठे? शाळा जिथे आहे तिथे. दिल्लीतल्या शाळेसाठी शिक्षण संचालनालय आणि दिल्ली बाल हक्क संरक्षण आयोग. नोएडा-गाझियाबादसाठी उत्तर प्रदेशचा आयोग, गुरुग्राम-फरिदाबादसाठी हरियाणाचा. तिन्हींच्या वर राष्ट्रीय आयोग दिल्लीतच आहे. संलग्न शाळेबद्दल सीबीएसईलाही लिहिता येतं. तुमची वही आणि पोच घेतलेल्या प्रती आता उपयोगी पडतात.

काही गोष्टींत मात्र पायऱ्या चढत बसू नये. कपडे उतरवणं, नको तिथे हात लावणं, अश्लील शेरेबाजी हे पोक्सो कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. अशा गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना न देणं हाच 2012 च्या या कायद्याखाली गुन्हा आहे, मुख्याध्यापकांनाही तो लागू होतो. 'शाळेची बदनामी होईल, आत मिटवू' म्हणणाऱ्याला हे सांगावं. जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर वकिलाचा सल्ला लगेच घ्यावा. आणि त्रास देणारा शिक्षकच असेल, तर तो 'शिस्तीचा भाग' नाही. शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षेइतकंच मानसिक छळालाही मज्जाव करतं. वर्गासमोर नक्कल करणं, टीसी हातात देईन म्हणून रोज धमकावणं हे छडीपेक्षा सौम्य आहे असं समजू नका. अशा वेळी तक्रार क्लास टीचरकडे नाही, थेट मुख्याध्यापक आणि व्यवस्थापनाकडे लेखी जावी, आणि त्याची प्रत त्याच दिवशी संचालनालयाला.

मूल 'मी नसलो तर बरं' अशा अर्थाचं काही बोललं, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागलं, किंवा अचानक अगदी गप्प झालं, तर ते लक्ष वेधण्यासाठी आहे असं म्हणून टाळू नका. मनात मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठी आणि हिंदीतही बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहे. दुसऱ्या दिवशी बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तोपर्यंत शाळा, क्लास, युनिट टेस्ट सगळं बाजूला.

आणि शाळा बदलणं? ते पळून जाणं नाही. लिहून, भेटून, पाठपुरावा करून महिना-दीड महिना झाला आणि मुलाच्या दिवसात फरक पडला नाही, तर बदलावी. फक्त वेळेचं गणित आधी समजून घ्यावं. आठवीपर्यंत दुसऱ्या शाळेत जाण्याच्या बाबतीत शिक्षण हक्क कायदा मुलाच्या बाजूने आहे. दाखला लगेच द्यावा लागतो, आणि तो यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. नववीत सीबीएसईची नोंदणी होते आणि दहावीत शाळा बदलायला बोर्डाची परवानगी लागते. वाट तिथे अरुंद होते, पण बंद होत नाही. म्हणून सातवी-आठवीत त्रास सुरू असेल तर 'बघू पुढे' म्हणून दहावीपर्यंत रेटू नये. दहावीतच असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाच्या लेखी अहवालासह बोर्डाच्या प्रादेशिक कार्यालयात अर्ज करून पाहावा. त्याचा निकाल लागेपर्यंत मुलाला रोज शाळेत पाठवलंच पाहिजे असं नाही. वैद्यकीय कारणासाठी हजेरीची अट शिथिल करण्याची तरतूद बोर्डाच्या नियमांत आहे, आणि मनाचं आजारपण हेही वैद्यकीय कारणच असतं.

नव्या शाळेच्या समुपदेशकाला आधीच भेटून मागचं थोडक्यात सांगावं. मुलाकडे मात्र एक तयार उत्तर असू द्यावं, कारण पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारणार, जुनी शाळा का सोडलीस? 'घरापासून लांब होती' एवढं पुरतं. बाकीचं कोणाला कधी सांगायचं, की सांगायचंच नाही, हे त्याचं त्याने ठरवावं.